दोन दिवस, नवं शहर, बेताचा खर्च: काय आधी ठरवायचं आणि तिथे पोहोचल्यावर काय करायचं

शहरात दोनच दिवस असतील तर पैशांच्या आधी वेळ संपतो. मोफत ठिकाणांची यादी कोणत्याही मोठ्या शहराची सहज मिळते, पण तेवढ्याने काम होत नाही. मोफत प्रवेशाच्या दिवशी दीड तास रांगेत जातो, मोफत गच्चीचं बुकिंग आठवडाभर आधीच भरलेलं असतं, मोफत बाग शहराच्या दुसऱ्या टोकाला निघते. म्हणून इथे आधी कामांचा क्रम दिला आहे: वार, अटी, बुकिंग, नकाशा आणि मग प्रवासाचं तिकीट. पहिली चार कामं घरी बसून एका संध्याकाळी उरकतात. उदाहरणं वेगवेगळ्या देशांतल्या शहरांची आहेत. तुमचं शहर यात नसलं तरी तपासायच्या गोष्टी याच.

१. तिकीट काढण्याआधी वार बघा

संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी बहुतेक वेळा सोमवारी किंवा मंगळवारी असते. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद असतं आणि ओर्से सोमवारी. इस्तंबूलचा ग्रँड बझार रविवारी बंद. फक्त सोमवार-मंगळवार हाताशी असतील तर काय कधी उघडं आहे हे बघूनच पुढचं ठरवा, नाहीतर दाराशी जाऊन परत यावं लागतं.

संग्रहालयातला मोफत प्रवेश तीन तऱ्हांनी मिळतो. काही ठिकाणी तो कायमचा असतो. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमस्वरूपी संग्रह डिसेंबर २००१ पासून सगळ्यांना मोफत आहे. तिकीट लागतं ते खास प्रदर्शनांना. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयंही मोफत आहेत. दुसरी तऱ्हा महिन्यातल्या ठरावीक दिवसाची. इटलीत सरकारी संग्रहालयं आणि पुरातन स्थळं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, रोमचं कोलोसियमसुद्धा. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ मोफत असतात आणि शेवटचा प्रवेश १२.३० ला. तिसरी तऱ्हा म्हणजे रोजचे शेवटचे काही तास. माद्रिदचं प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ मोफत असतं.

कमी दिवसांच्या प्रवाशाला यातली पहिली आणि तिसरी तऱ्हा उपयोगाची. महिन्यातून एकदा येणाऱ्या मोफत दिवशी सगळं शहरच तिथे लोटतं. व्हॅटिकनच्या त्या रविवारी अर्धी सकाळ भिंतीलगत उभं राहण्यात जाते आणि आतही गर्दीच्या रेट्याने पुढे सरकावं लागतं. रोममध्ये तुमचे थोडेच दिवस असतील तर तिकीट काढून एखाद्या वेगळ्या दिवशी जा, असंच आम्ही सुचवू.

प्रादोसारख्या शेवटच्या दोन तासांत जायचं असेल तर पाच-सहा चित्रं आधीच निवडा आणि त्यांच्या दालनांचे क्रमांक लिहून घ्या. बेलास्केसचं ‘लास मेनिनास’, गोयाची काळी चित्रं आणि बॉशचं ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ एवढं जरी नीट पाहिलं तरी दोन तास पुरतात. वेळ सुरू होण्याआधी बाहेर लांब रांग लागलेली असते. एक तर पाऊण तास आधी जाऊन उभं राहा, नाहीतर दार उघडल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जा, तोवर रांग ओसरते. मधल्या वेळी पोहोचलात तर उभंही राहावं लागतं आणि आतला वेळही कमी मिळतो.

२. ‘मोफत’ कोणाला, हे वाचा

जुन्या याद्यांवर विसंबून गेलेले लोक इथेच फसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ‘हवे तेवढे पैसे द्या’ ही सोय २०१८ पासून फक्त न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांना आणि जवळच्या दोन राज्यांतल्या विद्यार्थ्यांना आहे. बाहेरच्याला पूर्ण तिकीट पडतं. एस्टोनियाच्या टॅलिन शहरात २०१३ पासून बस-ट्राम मोफत आहे, पण शहरात नाव नोंदवलेल्या रहिवाशांनाच. रोमच्या पँथिऑनला २०२३ पासून तिकीट आहे. इस्तंबूलच्या हाया सोफियात परदेशी पर्यटकांना जानेवारी २०२४ पासून शुल्क भरून वरच्या सज्जात जावं लागतं. व्हेनिसमध्ये दिवसापुरतं येणाऱ्यांकडून २०२४ पासून वर्षातल्या ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क घेतात.

प्रत्येक ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन चार गोष्टी बघा: मोफत कोणासाठी, कोणत्या वेळी, आधी नोंदणी लागते का, आणि कोणता भाग मोफत आहे. चौथी गोष्ट बरेच जण सोडून देतात. व्हॅटिकनचं सेंट पीटर्स बॅसिलिका मोफत आहे, पण घुमटावर चढायला तिकीट लागतं. सिंगापूरची वनस्पती उद्यानं मोफत आहेत, पण आतल्या ऑर्किड बागेला तिकीट आहे. आधी माहीत असेल तर नेमकं त्याच भागासाठी पैसे बाजूला ठेवता येतात.

शोधताना सगळ्यात वर येणारे दुवे अनेकदा जाहिराती असतात आणि त्यांतले काही मोफत ठिकाणाचंही ‘तिकीट’ विकतात. ८ डिसेंबर २०२४ ला पुन्हा उघडलेल्या पॅरिसच्या नोत्र-दामला प्रवेश मोफत आहे. आधी वेळ घेता येते, तीही मोफतच. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते पान बंद करा.

३. मोफत गोष्टींचं बुकिंग सगळ्यात आधी

पैसे भरून घ्यायच्या जागा बहुधा आदल्या दिवशीही मिळतात. नेमक्या मोफत जागा लवकर संपतात. लंडनची ‘स्काय गार्डन’ ही काचेच्या छताखालची उंच बाग मोफत आहे, पण आधी वेळ घेतलेली बरी. वॉशिंग्टनचं राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय मोफत आहे, पण प्रवेशपास घ्यावा लागतो. बर्लिनच्या राइशटाग, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवरचा काचेचा घुमट वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्याचा. तिथे मोफत जाता येतं, पण प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख आधी कळवावी लागते. दाराशी पासपोर्टवरच्या नावाशी ते ताडून बघतात, म्हणून अर्जात घरचं किंवा अर्धवट नाव लिहू नका.

बुकिंग असं करा:

- महिनाभर आधी प्रत्येक ठिकाणाच्या जागा कधी खुल्या होतात ते बघा. तास तिथल्या घड्याळाचा असतो. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असेल तर गजर लावा.
- आठवड्याच्या मधल्या दिवसांतली सकाळची पहिली वेळ घ्या. उशिराच्या वेळा आधीच्या उशिरामुळे पुढे ढकलल्या जातात.
- अर्ध्या दिवसात वेळेशी बांधलेलं एकच काम ठेवा. दोन ठेवलीत तर पहिल्याच्या सुरक्षा तपासणीत अडकून दुसरं हुकतं.
- पुष्टीपत्राचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. दाराशी इंटरनेट मिळेलच असं नाही.
- जायचं रद्द झालं तर बुकिंगही रद्द करा. त्या जागेची कोणीतरी वाट बघत असतं.

जागा मिळाली नाही तर आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, रद्द झालेल्या जागा तेव्हा परत येतात. राइशटागजवळच्या सेवा केंद्रात उरलेल्या जागा प्रत्यक्ष जाऊनही मिळू शकतात, फक्त किमान दोन तास आधी पोहोचावं लागतं.

४. नकाशावर घोळके शोधा

फोनमध्ये त्या शहराचा नकाशा उतरवून घ्या, म्हणजे तो इंटरनेटशिवायही चालेल. आवडलेली सगळी ठिकाणं त्यावर खुणावा: मोफत, सशुल्क, बागा, पिण्याच्या पाण्याच्या जागा, सार्वजनिक शौचालयं. खुणा झाल्या की घोळके आपोआप दिसतात. साधारण दोन किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात जे बसतं तो एक घोळका, आणि एका घोळक्याला अर्धा दिवस. दोन दिवसांत तीन घोळके निवांत होतात. चौथा अर्धा दिवस पाऊस, थकवा आणि अचानक सापडलेल्या गोष्टींसाठी रिकामा राहू द्या.

चालण्याचा हिशेब लोक चुकीचा धरतात. सपाट रस्त्यावर माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. अनोळखी शहरात सिग्नल, फोटो आणि रस्ता चुकणं धरून तासाला दोनच किलोमीटर धरा. दिवसअखेर पंधरा किलोमीटर सहज होतात, म्हणून नवे बूट घालून येऊ नका. शहर डोंगराळ असेल तर चढ बसने किंवा ट्रामने करा आणि उतार पायी. दूरचं एखादं सुटं ठिकाण खरंच मनात असेल तरच ठेवा, नाहीतर खुशाल गाळा.

५. प्रवासाचं तिकीट

छोट्या मुक्कामात प्रवासावरचा सर्वांत मोठा खर्च बहुतेक वेळा विमानतळ ते शहर हाच असतो. तिथे साधी लोकल किंवा बस आणि ‘एक्स्प्रेस’ गाडी असे दोन पर्याय असतील तर वाचणारी मिनिटं आणि जास्तीचे पैसे शेजारी शेजारी लिहून बघा. बऱ्याचदा साध्या गाडीनेच जावंसं वाटतं.

शहरात फिरताना दिवसाचा पास घेण्याआधी मोजा की खरंच किती वेळा चढणार आहात. एका घोळक्यात पायी फिरणाऱ्याला दिवसाला दोन-तीनच तिकिटं लागतात, मग पास अंगावर पडतो. काही शहरांत हा विचारही करावा लागत नाही. लंडनमध्ये बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून प्रवास केला की दिवसाच्या ठरावीक रकमेनंतर पैसे कापले जात नाहीत. पण तिथेही तीन चुका होतात. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाचं फोनमधलं रूप वापरलं तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि मर्यादा लागू होत नाही. दोघांनी एकच कार्ड वापरून चालत नाही, प्रत्येकाला वेगळं हवं. भुयारी रेल्वेत उतरताना कार्ड टेकवायचं राहिलं तर कमाल भाडं कापलं जातं. बसमध्ये मात्र फक्त चढताना टेकवायचं. तिथल्या बस २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. परदेशी कार्डावर तुमची बँक दर व्यवहाराला शुल्क लावते का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

लक्झेंबर्ग देशात २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, पर्यटकांनाही. मेलबर्नच्या मध्यभागी ट्रामचा मोफत पट्टा आहे. प्रवास पूर्णपणे त्या पट्ट्यातच असेल तर कार्ड टेकवायचंच नाही, टेकवलं तर पैसे जातात.

६. पर्यटक बोटीऐवजी रोजची फेरी

पाण्याकाठच्या शहरात कमी पैशांत सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट म्हणजे तिथले लोक कामावर जायला वापरतात ती बोट. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी १९९७ पासून मोफत आहे, चोवीस तास चालते आणि सुमारे आठ किलोमीटरचं अंतर पंचवीस मिनिटांत कापते. मॅनहॅटनहून निघताना उजव्या बाजूला उभे राहा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा त्याच बाजूने दिसतो. पलीकडे पोहोचल्यावर सगळ्यांना उतरावं लागतं आणि परतीसाठी आत जाऊन पुन्हा चढावं लागतं. येताना डावी बाजू धरा. धक्क्याबाहेर तिकीट विकणारे लोक भेटतील, त्यांच्याकडून काहीच घेऊ नका, कारण या बोटीला तिकीटच नाही.

हाँगकाँगची स्टार फेरी दहाएक मिनिटांत बंदर ओलांडते. खालचा मजला वरच्यापेक्षाही स्वस्त. इस्तंबूलमध्ये एमिनोन्यूहून कादिकोयला जाणारी बोट वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात नेते आणि शहराचं प्रवासकार्ड तिथेही चालतं. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी चढा: जाताना उजेडातलं शहर दिसतं, येताना दिवे लागलेले. कामावरून सुटण्याची वेळ असेल तर कठड्याजवळची जागा मिळत नाही, त्या एका तासात जाणं टाळा.

७. उंचावरून शहर

मनोऱ्याच्या तिकिटाआधी मोफत उंची शोधा: सरकारी इमारत, मॉलची गच्ची, टेकडीवरची बाग. टोकियो महानगर सरकारच्या शिंजुकूमधल्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर निरीक्षण कक्ष आहे आणि तो मोफत आहे. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी तिथून फुजी पर्वत दिसतो. इमारतीला दोन मनोरे आहेत आणि दोन्हींच्या सुट्ट्या वेगळ्या असतात, त्यामुळे एक बंद असला तर दुसरा बघा. काचेमागून रात्री फोटो काढताना फोन काचेला टेकवा, नाहीतर आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येतं.

८. प्रार्थनास्थळं

रोममध्ये इटालियन चित्रकार कारावाज्योची चित्रं बघायला संग्रहालयाचं तिकीट लागतंच असं नाही. सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये संत मॅथ्यूवरची त्याची तीन चित्रं आहेत, तीही ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. सांता मारिया देल पोपोलोमध्ये आणखी दोन आहेत. अशा ठिकाणी कोपऱ्यात नाण्यावर चालणारा दिवा असतो, म्हणून सुटी नाणी खिशात ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक पातळ ओढणी किंवा पंचा पिशवीत असला की अडवणूक होत नाही. इस्तंबूलची निळी मशीद मोफत आहे, पण नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बंदच असते.

९. पायी टूर, कोर्ट, मैफल

‘फ्री वॉकिंग टूर’ बक्षिसीवर चालते. बऱ्याच शहरांत गाइडला येणाऱ्या प्रत्येक माणसामागे आयोजकाला ठरावीक रक्कम द्यावी लागते. सुरुवातीला काढलेला गटाचा फोटो अनेकदा त्या मोजणीसाठीच असतो. म्हणून काहीही न देता निघून जाऊ नका, गाइडच्या खिशातून पैसे जातात. स्थानिक चलनात रोख रक्कम वेगळी काढून ठेवा. मधेच निघायचं असेल तर विश्रांतीच्या थांब्यावर पैसे देऊन, सांगून निघा. ही टूर पहिल्या सकाळी करा: दोन-अडीच तासांत शहराचा आराखडा डोक्यात बसतो आणि पुढच्या दोन दिवसांचे प्रश्न गाइडला विचारता येतात.

न्यायालयं आणि संसदा हे फारसं कोणी न वापरलेलं दार आहे. लंडनच्या ओल्ड बेलीत फौजदारी खटले सार्वजनिक गॅलरीतून मोफत बघता येतात. आत फोन आणि पिशवी चालत नाही आणि ठेवायची सोयही तिथे नाही, त्यामुळे दोन्ही मुक्कामी ठेवून जा. १४ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. ब्रिटनच्या संसदेतल्या चर्चाही परदेशी पाहुण्यांना रांगेत उभं राहून मोफत ऐकता येतात. अधिवेशन चालू आहे ना, एवढं आधी बघा.

संगीतासाठी दुपार धरा. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊमध्ये हंगामात बहुतेक बुधवारी दुपारी मोफत मैफल होते. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्याने बघायची तिकिटं अगदी स्वस्त असतात आणि त्याच दिवशी मिळतात.  तीन तास उभं राहायचं आहे, तेव्हा त्या दिवशी चालणं कमी ठेवा. सिंगापूरच्या ‘गार्डन्स बाय द बे’त रोज ७.४५ आणि ८.४५ ला झाडांच्या आकाराच्या मनोऱ्यांवर दिव्यांचा आणि संगीताचा मोफत कार्यक्रम असतो. दुसऱ्या खेळाला गर्दी कमी असते.

१०. सिटी पासचं गणित

सिटी पास म्हणजे शहरातल्या अनेक ठिकाणांचं एकत्र तिकीट. त्यावर चाळीस ठिकाणं लिहिलेली असतात. तुम्ही पास नसतानाही पैसे भरून गेला असतात अशीच ठिकाणं मोजा. समजा अशी तीन आहेत, तिकिटं १०, १४ आणि १८, बेरीज ४२. पास ६० चा असेल तर विषय संपला. मोफत ठिकाणंही पासवर छापलेली असतात, ती बेरजेत धरू नका. पास फायद्याचा निघाला तरी दोन गोष्टी बघा. ४८ तास पहिल्या वापरापासून मोजतात की तारखेने? तारखेने असेल तर संध्याकाळी सुरू केलेल्या पासचा एक दिवस वाया जातो. आणि वेळेचं बुकिंग पासधारकालाही वेगळं करावं लागतं का?

११. पाणी आणि जेवण

रिकामी बाटली बरोबर ठेवा, विमानतळावरची तपासणी झाली की भरा. रोममध्ये सुमारे अडीच हजार ‘नासोने’, म्हणजे अखंड वाहणारे रस्त्यावरचे नळ आहेत. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, ती थेट पिता येते. जेवणासाठी प्रसिद्ध चौकापासून दोन-तीन गल्ल्या आत जा आणि मोठं जेवण दुपारी घ्या, कारण उपाहारगृहांत ठरावीक थाळी दुपारी स्वस्त असते. बागेत बसून खायचं असेल तर तिथे परवानगी आहे का ते पाटीवर वाचा.

१२. निघायच्या दिवसाचं सामान

खोली सोडायची वेळ सकाळी आणि गाडी संध्याकाळी, यात अर्धा दिवस उरतो. बहुतेक हॉटेलं आणि हॉस्टेलं खोली सोडल्यावरही त्याच दिवशी सामान ठेवून घेतात, आदल्या रात्री विचारून ठेवा. मोठी बॅग घेऊन संग्रहालयात जायचा बेत करू नका: बऱ्याच ठिकाणी चाकांची बॅग दारातच थांबवतात आणि आतल्या सामानघरातही ती घेत नाहीत. त्या अर्ध्या दिवसाला मुक्कामाजवळचाच घोळका राखून ठेवा, वेळेशी बांधलेलं काही घेऊ नका, आणि प्रवासकार्डावर अनामत रक्कम असेल तर ती परत देणारी खिडकी किती वाजता बंद होते ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.